हसनमामूची लटकी वाटणी

हसनमामू सारंगाच्या पायाला चेंडू लागलेला मी एकदाच पाहिला. तो चेंडू मैदानाकडे न जाता मागे मेसच्या पत्र्यावर जाऊन आदळला आणि आचारी झारा घेऊन बाहेर आला. पण फुटबॉलवर बोलायला लागल्यावर मामूला गप्प करील असा माणूस दुखानच्या कँपात जन्माला यायचा होता. खेळणारे थकायचे, पंच थकायचे, मामूचा आवाज मात्र शुक्रवारी संध्याकाळी जसा, तसाच शनिवारी सकाळी लॉरीचं इंजिन तापवतानाही असायचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कतारला गेलो. साताऱ्याकडचा मॅट्रिक झालेला माणूस, टायपिंग येत होतं, तेल कंपनीच्या दुखानमधल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकुनी मिळाली. मामू आमच्याच खात्यात लॉरी चालवायचा. बाणकोटच्या खाडीकाठचा, चाळिशी ओलांडलेला, ठेंगणा. डोक्याला जाळीची टोपी आणि खांद्यावर सदा ओला पंचा. पहिल्या दिवशी त्याची बोली मला निम्मी कळली नाही. माझी ऐकून तो म्हणाला, "घाटावरचा दिसतोस. तिकडं फुटबॉल हाय काय?"

मी म्हणालो, "कुस्ती आहे."

"मग बस हितं. तुना शिकवतो."

ऑफिसात मला काय काम करायचं आहे हे कुणी सांगण्याआधी मामूनं मला ऑफसाइड शिकवला. तोही चुकीचा शिकवला, हे मला पुढे वर्षभरानं कळलं.

कँपात आम्हा कामगारांच्या चार टीमा होत्या. वर्कशॉप, मेस, ऑफिस आणि आमची ट्रान्सपोर्ट. मैदान म्हणजे वाळूवर टाकाऊ तेल शिंपडून रोलर फिरवलेला तुकडा. त्यावर पडलं की गुडघे असे काळे व्हायचे की साबण हात टेकायचा. थंडी सुरू व्हायच्या सुमारास मुंबईहून आगबोटीनं नवी माणसं यायची. कुणी कुठल्या खात्यात काम करायचं हे कंपनी ठरवायची, पण फुटबॉलपुरती त्यांची वाटणी आम्ही करायचो. शुक्रवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर नवी माणसं मैदानावर रांगेत उभी राहायची आणि चार कप्तान पाळीपाळीनं एकेकाचं नाव पुकारायचे. गेल्या हंगामात जी टीम तळाला, तिची पहिली हाक. म्हणजे दरवर्षी पहिली हाक आमची.

यात एक मेख होती. वाटणी होईपर्यंत नव्या माणसाच्या पायात चेंडू द्यायचा नाही, असा कडक नियम होता. कारण एका वर्षी चाचणी घेतानाच कुणाचा तरी पाय मोडला होता आणि गोरे साहेब भडकले होते. त्यामुळे कप्तानांना दिसायचा तो फक्त रांगेत उभा असलेला, बोट लागून पिवळा पडलेला माणूस. त्यातून खेळाडू ओळखायचा म्हणजे बंद पोत्यातला आंबा वासावरून ओळखण्यासारखं होतं.

म्हणून खऱ्या वाटणीच्या आधीचा आठवडा लटक्या वाटणीचा. संध्याकाळच्या चहाला मेसच्या लांब टेबलाभोवती सगळे जमायचे. कुणी वर्कशॉपचा कप्तान व्हायचा, कुणी ऑफिसचा. नवी माणसं म्हणजे मिठाची बाटली, लिंबू, कांदा, लोणच्याची बरणी, वाकडा चमचा. "मी लिंबू घेतो!" "लिंबू मेसनं उचललं केव्हाच." "मग कांदा द्या. पण कांद्याला दम आहे ना?" बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही माणसं उपाशी आहेत. भांडणं मात्र खरीखुरी व्हायची. एकदा लोणच्याच्या बरणीवरून दोन फिटरांचं असं बिनसलं की कामावरसुद्धा ते एकमेकांकडे पाना मागेनात.

या बाजारात सगळ्यात जास्त भाव मामूला. उम्म सईदच्या धक्क्यावरून नव्या माणसांना दुखानला घेऊन येणारी लॉरी त्याची, म्हणजे माल सगळ्यांच्या आधी त्याच्या नजरेखालून गेलेला. अर्ध्या वाटेवर, जिथे वाळूशिवाय काही नाही, तिथे तो गाडी थांबवायचा. "उतरा, पाय मोकले करा," म्हणायचा आणि तुपाचा रिकामा डबा चुकून पडल्यासारखा खाली टाकायचा. मग बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालायचं आणि काखेखालून बघत राहायचं, डब्याला लाथ कोण मारतो ते. मी एकदा म्हटलं, "मामू, हा नियमभंग आहे." तो म्हणाला, "नियम चेंडूचा हाय. डब्याचा नियम मना दाखव."

एवढं करूनही त्याची पारख धन्य होती. एका वर्षी एका माणसाच्या पोटऱ्या बघून मामू अक्षरशः नाचत आला. "पोटऱ्या हायत की खांब! डोले मिटून घ्या!" आमच्या कप्तानानं डोळे मिटून घेतला. तो निघाला शिंपी. जन्मभर पायानं शिवणयंत्र चालवून त्याच्या पोटऱ्या तशा झाल्या होत्या. पळायला सांगितलं की त्याला धाप लागायची. आम्ही तळालाच राहिलो, पण त्या वर्षी आमच्या टीमची जर्सी अशी झोकदार होती की दुसऱ्या टीमवाले हात लावून बघायचे. मामूनं हार मानली नाही. "कपडा बगा," तो सगळ्यांना सांगत फिरायचा, "कपड्यात आपन पयले हाव."

दुसऱ्यांना फसवण्यात मात्र तो तरबेज होता. वर्कशॉपचा कप्तान डिसोझा हा गोव्याचा टर्नर, गंभीर माणूस, खेळाचा खरा जाणकार. बाकीचे दोन कप्तान त्याच्याकडे बघून नावं पुकारायचे. लटक्या वाटणीत मामूनं एका उंच माणसाचं असं कौतुक केलं की डिसोझाच्या तोंडाला पाणी सुटलं आणि खऱ्या वाटणीत त्यानं तो उंच माणूस पटकन उचलला. माणूस खेळायचा छान. फक्त सूर्य कलला की त्याला चेंडू दिसेनासा व्हायचा. रातांधळा होता बिचारा. संध्याकाळी लॉरीतून उतरून तो सरळ लॉरीवरच आपटला होता, हे मामूनं पाहिलेलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. डिसोझानं भर मेसमध्ये गळ्यातल्या क्रुसाला हात लावून शपथ घेतली, की इथून पुढे हसन बोलेल त्याच्या उलट करीन. मामू खूश झाला. एवढा मान त्याला कुणी दिला नव्हता.

मग ते वर्ष आलं. खेळांच्या कमिटीनं जाहीर केलं की मैदान कमी दिवस मिळणार, चार टीमा परवडत नाहीत, यंदा जी तळाला राहील ती मोडायची आणि तिची माणसं उरलेल्या तिन्हींत वाटून टाकायची. तळ म्हणजे आमचं ठरलेलं घर. ऑफिसाबाहेर मी ही बातमी मामूला सांगितली तेव्हा तो टायरला हवा भरत होता. पंप तसाच हातात धरून उभा राहिला.

"मोडनार म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही वर्कशॉपचे व्हाल, नाहीतर मेसचे."

"आनि मी डिसोझासाठी ओरडू?" मामूनं पंप आपटला. "भाऊ, मना दुसऱ्याच्या टीमसाठी ओरडता येनार नाय. गल्यातून आवाजच निघनार नाय."

तो थट्टा करत नव्हता. जर्सी धुणारा तो, मध्यंतराला संत्री सोलून देणारा तो, हरल्यावर पोरांना लॉरीत घालून समुद्रावर नेणारा तो. टीमचा खेळाडू नव्हता, कप्तान नव्हता, कुणीच नव्हता. आणि टीम मोडली असती तर सगळ्यात जास्त त्याचंच मोडलं असतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

त्या वर्षी नवी माणसं आणायला कागदपत्रांसाठी मीही मामूबरोबर उम्म सईदला गेलो. येताना गाडी नेहमीच्या जागी थांबली, डबा पडला. एक सडपातळ मलबारी माणूस पाव खात उतरला. त्यानं डबा पायावर घेतला आणि उडवायला लागला. गुडघ्यावर, टाचेवर, परत पायावर, डबा काही जमिनीला लागेना, आणि पाव खाणंही थांबेना. मामूचं डोकं बॉनेटला आपटलं. "भाऊ," तो कुजबुजला, "बगू नको तिकडं! तू बगितलास तर सगले बगतील." त्या माणसाचं नाव अबू.

दुसरा लक्षात राहिला तो गफूर. खेडकडचा उंच, हाडकुळा पोरगेला माणूस, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. सगळा प्रवास तो ओकत आला होता. डब्याकडे त्यानं बघितलंही नाही. मामूजवळ येऊन एवढंच विचारलं, "मामू, तिकडं आपली मान्सा हायत ना?" मामूनं त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "हायत, हायत," पण लक्ष सगळं डब्याकडे.

त्या आठवड्यातली लटकी वाटणी म्हणजे मामूच्या आयुष्यातलं सर्वोत्तम नाटक. अबू म्हणजे वाकडा चमचा. "चमचा कोनी घेऊ नका रे," मामू कळवळून सांगायचा, "त्याचा गुडगा गेलेला हाय, उतरताना मी बगितला." डिसोझा पलीकडे चहा ढवळत शांतपणे ऐकायचा आणि मनात उलटं लिहून घ्यायचा. आमच्यातल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. पहिली हाक आपली, पुकारायचं अबूला, बस. एकमेकांना कोपरखळ्या मारून आमच्या फासळ्या दुखायला लागल्या होत्या.

त्यातच आमचा कप्तान रशीद अपेंडिक्स दुखून हॉस्पिटलात पडला. नावं पुकारायला कुणीतरी हवं होतं. सगळ्या ट्रान्सपोर्टनं एकमुखानं सांगितलं, मामू. इतकी वर्षं लिंबूकांद्याची वाटणी करणाऱ्या माणसाला खरी हाक मिळाली. शुक्रवारी तो इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आला. वास पार मेसपर्यंत.

नवी माणसं रांगेत उभी होती. पंचानं शिट्टी वाजवली, "ट्रान्सपोर्ट, पहिली हाक." मामू दोन पावलं पुढे गेला. रांगेवरून त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. माझ्या शेजारचा ड्रायव्हर आधीच टाळी वाजवायला हात उचलून बसला होता.

"गफूर," मामू म्हणाला.

टाळीचे हात तसेच हवेत राहिले. मग कुणीतरी अस्सल शिवी हासडली. गफूरला स्वतःलाच खरं वाटेना. त्यानं मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी गफूर आहे का म्हणून. मग ढगळ कोट सावरत पळत आमच्याकडे आला आणि वाटेत अडखळला. मी कपाळाला हात लावला. संपलं, टीम गेली.

आता पाळी वर्कशॉपची. डिसोझानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या चेहऱ्यावरचा हिशोब मला इतक्या लांबून वाचता येत होता. हसन अबूला वाईट म्हणतो, म्हणजे अबू चांगला, इथपर्यंत सरळ होतं. पण पहिली हाक हातात असून हसननं अबूला सोडला! म्हणजे गुडघा खरंच गेलेला. आणि ज्याचं नाव आठवडाभरात त्यानं एकदाही काढलं नाही, त्या गफूरवर उडी मारली. म्हणजे माल तो होता, लपवून ठेवलेला. डिसोझानं मामूकडे अशी नजर टाकली की जाळून टाकावं, आणि तिसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं. डिसोझा अबूला शिवत नाही म्हटल्यावर मेसच्या कप्तानानं त्याला टाळलं. ऑफिसनंही टाळलं. पाळी फिरून आमच्याकडे आली.

"अबू!" मामू ओरडला, आणि तिथेच वाळूवर फतकल मारून बसला.

त्यानंतर जो गलका झाला तो आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. आम्ही मामूला उचललं. काय डोकं! काय डाव! एका हाकेत दोन माणसं! डिसोझाला उमगलं तेव्हा तो मेसमध्ये जेवायलासुद्धा आला नाही. मामूनं त्या दिवसापासून ही गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यात तो चारही कप्तान स्वतः व्हायचा, डिसोझाचं उघडलेलं आणि मिटलेलं तोंड करून दाखवायचा, आणि शेवटी म्हणायचा, "फुटबॉल पायानं खेलतात, वाटनी डोक्यानं. खलास!"

हंगाम कसा गेला म्हणाल तर अबू एकटा खेळला आणि आम्ही त्याला बघत राहिलो. पण एकट्यानं किती करायचं? शेवटचा सामना ऑफिसशी आला तेव्हा तळाचे दोघेच उरलो होतो, ते आणि आम्ही. आम्हाला बरोबरी पुरत होती. हरलो तर टीम मोडली.

त्या दिवशी शमाल, तिकडचा वायव्येचा सोसाट्याचा वारा, सुटला होता. वाळू डोळ्यात जात होती. आमच्या एका बॅकचा पाय मुरगळलेला असल्यामुळे गफूरला घालावं लागलं. तोवर गफूरनं काही केलेलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारत बसायचा, कारण मामूनं त्याला सांगितलं होतं, "तुझ्यात हाय ता डिसोझाला दिसला नाय, मना दिसला." पोरगा ते खरं मानून चालला होता. सामन्याच्या मध्यावर आमच्या गोलासमोर चेंडू आला. गफूरनं जीव खाऊन लाथ मारली आणि चेंडू वाऱ्यानं फिरून आमच्याच गोलात गेला.

ऑफिसवाले नाचायला लागले. आमच्यातले चार जण गफूरच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. मामू रेषा ओलांडून आत घुसला, पंच शिट्ट्या मारतोय इकडे लक्ष नाही. "झाला तो झाला!" तो ओरडत होता, "गफूर, उबा ऱ्हा! तुझा मी बगतो! अबू, यल्ला!" त्याला धरून बाहेर काढावं लागलं. मग त्यानं खांद्यावरच्या पंच्याचं टोक दातांत धरलं. वेळ संपत आली, आम्ही घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. आणि अबूनं डाव्या बाजूनं चेंडू घेतला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसरा वाळूवर घसरला, आणि चेंडू खांबाला लागून आत!

शिट्टी वाजली तेव्हा बरोबरी होती. टीम वाचली. मी, कुस्तीच्या मुलखातला माणूस, दिसेल त्या ड्रायव्हराच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो. मामूनं अबूच्या कपाळाचा मुका घेतला आणि मग तीरासारखा धावत जाऊन बघ्यांत उभ्या असलेल्या डिसोझाला मिठी मारली. "शुक्रन! शुक्रन!" त्याचे आभार थांबेनात. डिसोझा त्याला ढकलत होता आणि हसत होता.

काही दिवसांनी लॉरीत आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "मामू, डाव काय टाकलात! मला आधी सांगितलं असतं तर निदान माझं काळीज तरी थांबलं नसतं."

मामूनं गिअर बदलला. मग म्हणाला, "कसला डाव? तोंडात अबूचाच नाव होता. रांगेवर नजर फिरवली तर तो पोर जमिनीकडं बगत होता. मना वाटला, ह्याला कोन पुकारनार? शेवटी उरनार. आनि उरलेल्याचा नाव घेत नाय कोनी, नुसता 'जा तिकडं' बोलतात. नव्या मुलखात पयल्याच जुम्म्याला मान्सानं ता ऐकावा? तर तोंडातून गफूर निगाला. निगाला तो निगाला. मग माझे पायच गेले. मना वाटला, मोडली टीम. मीच मोडली."

"आणि डिसोझा?"

"डिसोझा? अल्लाचा मानूस," मामू म्हणाला. "पन ह्या कोनाला बोलू नको. लोकांना हुशारी आवडते. आनि आपल्यावर दया केली असा गफूरला कलला, तर त्याला जेवन गोड लागंल काय?"

पुढे मामूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ड्रायव्हराचे डोळे गेले की नोकरी गेली. साठचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा तो कायमचा गावाला निघाला. आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि धक्क्यावरून माणसं लाँचनं तिच्याकडे जायची. ट्रान्सपोर्टची सगळी टीम त्याला पोचवायला आली होती. अबू आता कप्तान होता. गफूरनं खेळ सोडला होता, टायरच्या कामात पक्का झाला होता, अंगानं भरला होता.

मामूची ट्रंक चढली, मामू चढला. आमची तोंडं पडलेली. मामू मात्र बसल्या बसल्या शेजारच्या रत्नागिरीच्या माणसाला गोष्ट सांगायला लागला. लाँच अजून दोराला होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता. डिसोझाचं तोंड उघडलं, मिटलं; वाळू उडाली; वेळ संपत आली. लाँचमधली सगळी माणसं आपापली बोचकी सोडून त्याच्याभोवती सरकली. कुणीतरी अधीर होऊन विचारलं, "मग गोल कोनी मारला?"

मामू उभा राहिला. अंधुक डोळ्यांनी त्यानं धक्क्यावरची रांग शोधली आणि हात लांब केला.

"तो बग. उंच, निल्या सदऱ्याचा. गफूर. त्यानं मारला! काय गोल होता, बाबा! उभ्या दुखानला विचार!"

माझ्या डाव्या हाताला अबू उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण गफूर आणि गोल एवढं कळलं. त्यानं क्षणभर मामूकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोर सुटला. लाँचमधली अनोळखी माणसं मान वळवून, डोळे मोठे करून गफूरकडे बघत होती, आणि गफूरनं हात वर केला.